वळायची जागा

रंगीत तालीम अकराला सुरू झाली आणि पावणेबाराला तिसऱ्यांदा थांबली.

ऑपेरा ग्रीक पुराणकथेवरचा. गायक मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो. अट एकच, वर पोहोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. शेवटी तो वळतो आणि बायको कायमची जाते. आज मात्र त्याची भूमिका करणारा गायक तिन्ही वेळा आठ ओळी आधीच वळला होता.

कारण ताई मागे होती. ताई म्हणजे प्रॉम्प्टर, या गायकाची सख्खी थोरली बहीण. सव्वीस वर्षं ती रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रॉम्प्टरसाठी केलेल्या खोबणीत बसून प्रत्येक ओळीचा पहिला शब्द ओठांनी पुरवत आली होती. नव्या दिग्दर्शकाने खोबण बुजवली आणि तिला मागच्या विंगेत बसवलं. शब्द अडला की भाऊ सवयीने तिला शोधायचा.

"आता शेवटचं," दिग्दर्शक म्हणाला. "परत चुकला तर त्याच्या कानात यंत्र बसवू. मग ताई, तुमचं काम संपलं."

"कानात? त्याला समोरून मारलेली हाक ऐकू येत नाही."

"ताई, सगळ्यांसमोर कशाला?" भाऊ कुरकुरला.

ती तरातरा कपडेपटात गेली. मृतांची कामं करणाऱ्या समूहाचा एक राखाडी झगा तिने अंगावर चढवला आणि पाताळातून वर येणाऱ्या वाटेच्या पुढच्या टोकाला, त्यांच्या रांगेत घुसून उभी राहिली.

भाऊ चालू लागला. नेहमीच्या जागी अडखळला, तोच त्याला ती दिसली. ती शब्द देत गेली, तो गात गेला. आठ ओळी सुखरूप पार पडल्या.

आणि मग ताईच्या लक्षात आलं. त्याची नजर तिच्या ओठांना चिकटली होती. असाच चालत राहिला तर हा वळणारच नव्हता. पुढची ओळ त्याने वळूनच गायची होती. तिचा पहिला शब्द ताईच्या जिभेवर होता. सव्वीस वर्षांत तिने कुणाला शब्दावाचून उभं ठेवलं नव्हतं.

तिने ओठ घट्ट मिटले.

भाऊ थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. घाबरून मागे वळला. समोर बायको झालेली गायिका. ती तोल गेल्यासारखी मागे सरकली आणि ओळ त्याच्या तोंडून आपोआप निघाली.

पडदा पडताच तो धावत आला. "शब्द का गिळलास गं?"

"तिथे शब्द नव्हता. तिथे वळायचं होतं, शहाण्या."

दिग्दर्शक जवळ आला, पण बोलला कपडेपटवाल्या बाईंशी. "ताईंचा झगा चार बोटं आखूड करा. पायात येतोय."