आठ स्टोल आणि माझी सुई

माझं तोंड फटकळ आहे. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा, हसत हसत सांगतील. पण यंदा जेव्हा खरंच बोलायला हवं होतं, तेव्हा मी दोन दिवस गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते.

आमचे हे, दौलत परब, मिलमध्ये साचेवाले होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. मिल बंद पडली, मग एका टॉवरखाली वॉचमनच्या खुर्चीवर वर्षं काढली, आणि सत्तरी जवळ आल्यावर तीही खुर्ची गेली. घरी बसलेला पुरुष म्हणजे काय, ते बायकांना विचारा. पंखा का चालू, डबा उघडा का, डाळीला इतकं तेल कशाला. माझं डोकं उठायचं.

तेवढ्यात नात स्पृहा कसल्याशा वर्कशॉपला गेली आणि टेबलावर मावेल एवढा हातमाग घेऊन आली. पंधरा दिवस खटखट केलं आणि कंटाळली. एका दुपारी बघते तर हे त्या मागापुढे बसलेले. पाठ ताठ, मान किंचित कललेली, आणि हात असे चाललेले की मी बघतच राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाचं काम मी पहिल्यांदा पाहत होते. मिलच्या गेटपर्यंत डबा नेला होता, आत कोण सोडणार?

त्यांनी स्टोल विणले. स्पृहाने फोटो काढून वर्कशॉपमधल्या ऋग्वेदाला दाखवले. ही ऋग्वेदा मूळची गिरगावची, फणसवाडीची, बोलणं कसं अगदी साजूक तुपातलं. दादरला तिचं दुकान आहे, सगळा हातानं केलेला माल. मी आधी खूप टिंगल केली. म्हटलं, आमच्या घरी मिक्सर आला तेव्हा मी चाळीत पेढे वाटले, आणि तुम्हाला पाट्याचे डोहाळे लागलेत होय? मग एकदा दुकानात गेले. ऑफिसातली एक मुलगी मातीचा मग दोन्ही हातांत धरून विचारत होती, हा कुणी केला, ते कुठे राहतात, एका दिवसात किती करतात. माझी टिंगल तिथेच संपली. यांनी अर्ध्या मुंबईच्या चादरी विणल्या असतील, पण कुणी विणल्या असं एका माणसाने कधी विचारलं नाही. चादरीवर छाप मिलचा. ऋग्वेदाने मात्र प्रत्येक स्टोलला जाड कागदाची चिठ्ठी बांधली होती. ‘विणकर: दौलत परब’. त्यातली एक हे शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचे. नाक्यावर चहा प्यायला गेले तरी खिशात ती.

मग एक दिवस ऋग्वेदाचा फोन आला. दोन गिऱ्हाइकांनी स्टोल परत केले होते. इतकं सरळ, एकसारखं कापड हाताने होऊच शकत नाही, मशीनचा माल हाताचा म्हणून विकता, असं सुनावून गेले होते.

ती चाचरत म्हणाली, “काका, माझा विश्वास आहे हो. पण पुढच्या आठ स्टोलमध्ये हात थोडा दिसू द्या ना. हेही परत आले तर मला ठेवता येणार नाहीत.”

हे हसले. म्हणाले, “पोरी, वाकडा कसा विणूचा ता माका कोणी शिकवूकच नाय.” आणि ते आठही आरशासारखे सरळ विणले.

मी मनात म्हटलं, हेही स्टोल परत आले तर ती चिठ्ठी जाईल, आणि माणूस पुन्हा पंख्याकडे बघत बसेल. हे नाक्यावर गेले तशी मी सुई काढली. आठही स्टोलांतले दोन-दोन धागे उचकटले, इकडे सैल, तिकडे सैल. स्वतःला फार शहाणी समजत होते मी.

माल देण्याआधी हे तो मिलच्या पद्धतीने तपासतात. कापड खिडकीत उजेडासमोर धरायचं आणि खालून बोटं फिरवायची. पहिल्या स्टोलवर बोटं थांबली. मग दुसऱ्यावर. आठवा झाल्यावर घडी घातली आणि खाली बसले.

“नजर गेली गो,” म्हणाले. “डॉक्टर म्हणा होतो, मोतीबिंदू येतलो. इलो. आठांत आठ डॅमेज.”

मिलमध्ये कापड खराब निघालं की साचेवाल्यालाच धरायचे. सूत कच्चं असो की साचा बिघडलेला, चूक याचीच. तेव्हापासून ती खोडच लागली आहे, दोष दिसला की आधी स्वतःकडे बोट. दुसऱ्या कुणाचा हात लागला असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी माग सोडवला, चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. खिशातली चिठ्ठी काढून देवाच्या फोटोमागे ठेवली. आणि मी, चाळभर जिचा आवाज जातो ती मी, भाजी चिरत राहिले. सांगितलं तर मागाबरोबर मलाही सोडतील असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी ऋग्वेदा स्टोल न्यायला आली. एक उलगडला आणि तिचा चेहरा खुलला. “काका, हे बघा. आता कसं हाताचं वाटतंय.”

“ता विकूचा नाय,” हे म्हणाले. “माझ्या नावावर असलो माल जाऊचो नाय. माझा काम संपला, पोरी.”

मग मात्र मला राहवेना. “तुमचं काही संपलेलं नाही,” मी म्हटलं. “धागे मी उचकटले. सुईने. आठही.”

यांनी स्टोल नाकाजवळ नेला, सुईची जागा बोटाने चाचपली. मला वाटलं, आता ओरडतील. तेच बरं झालं असतं.

“म्हणजे माझी नजर शाबूत आसा?” त्यांनी विचारलं.

“शाबूत आहे.”

“हात?”

“तुमचा हातसुद्धा,” मी म्हटलं, आणि हे परक्या पोरीसमोर ओक्साबोक्शी रडले.

ऋग्वेदाचेही डोळे भरले. तिने ते स्टोल बाजूला सारले आणि म्हणाली, “काका, मी चुकीचं मागितलं. तुम्हाला येतात तसेच विणा. कुणाला खोटं वाटलं तर मी त्याला इथे घेऊन येईन, तुमच्या समोर बसवीन.”

“महिनो थांब, नवे आठ देतलंय,” हे म्हणाले. नाक पुसलं आणि उठलेच, माळ्यावरून माग काढायला. मी धावत जाऊन स्टूल धरलं. वर चढता चढता खाली माझ्याकडे वाकून म्हणाले, “परत माझ्या कापडाक हात लावलंस तर बघ हां.”

एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्याशी इतकं गोड कधी बोलला नव्हता.