दाजी माझ्या पोटात उतरले तेव्हा

मी रंगाची टाकी बोलतेय. घराच्या भिंतींचा रंग नव्हे हं! जहाजाच्या बुडाला, पुलाच्या खांबांना गंज चढू नये म्हणून जो जाडजूड रंग देतात, तो माझ्या पोटात घोटला जायचा. पोट माझं ऐसपैस. तोंड मात्र एक माणूस कसाबसा शिरेल एवढंच.

"खारं पाणी लोखंड खातं. आपण त्याच्या तोंडचा घास काढून घेतो," असं कारखान्याच्या मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या ताई, नव्या माणसाला सांगायच्या. ते ऐकून मला उगाच ऐट यायची.

माझी देखभाल दाजी आणि त्यांचा मेहुणा करत. बहिणीचा नवरा म्हणून मेहुणा त्यांना दाजी म्हणे. मग सगळा कारखानाच म्हणू लागला. दोघांचं सख्य असं, की एकाला ठेच लागली तर दुसरा "आई गं" म्हणेल.

"बहीण दिली, आता डबाही देऊ का?" मेहुणा ओरडायचा. तोवर त्याच्या डब्यातली भाजी दाजींनी फस्त केलेली असायची.

रंग बदलताना मला आतून धुवावं लागे. आधी पंख्यानं आत हवा सोडायची, कमरेला दोर बांधायचा, मगच उतरायचं, ही ताईंची शिस्त. त्या दुपारी नेमका पंखा बिघडला आणि गोदीत जहाज रंगासाठी खोळंबलेलं.

"पंखा सुरू झाल्याशिवाय कोणी उतरायचं नाही," असं बजावून ताई फोन करायला गेल्या.

"एवढंसं तर काम! हा गेलो नि हा आलो," म्हणत दाजी दोराशिवायच उतरले.

आत रसायनाची वाफ दाटली होती. त्यांनी दोनदा फडकं फिरवलं, गुणगुणणं थांबलं आणि ते तळाशी कोसळले. मला कुठले हात? मी नुसती घुमले.

"दाजी!" मेहुण्यानं माझ्या तोंडात पाय टाकला. धावत आलेल्या ताईंनी त्याला मागून कवटाळलं.

"सोडा मला!"

"नाही सोडणार! तूही तिथंच पडशील. रंग फवारायच्या यंत्राची हवेची नळी आण, पळ!"

नळीतून हवा आत घुसली. ताईंनी फोन करून बोलावलेले अग्निशमन दलाचे जवान मुखवटे चढवून उतरले, तेव्हा मेहुणा माझ्या पत्र्याला कपाळ टेकून रडत होता.

दाजी वाचले. पण माणसांची नावं, कालपरवाच्या गोष्टी, सारं पुसलं गेलं. बहिणीनं भावाशी बोलणं टाकलं. "माझा नवरा आत तडफडत होता आणि तू काठावर उभा?" ताईंनी धरलं होतं, हे काही मेहुण्यानं सांगितलं नाही.

शेवटी ताईच तिला माझ्यापाशी घेऊन आल्या. "त्याला मी धरून ठेवलं होतं. राग धरायचा तर माझ्यावर धर."

ती शिडी चढली. माझ्या काळोखात बराच वेळ बघत राहिली. खाली उतरून भावाला एवढंच म्हणाली, "घरी ये. हे सारखे कोणालातरी शोधतात. नाव आठवत नाही त्यांना. तुलाच शोधत असतील."

आता मी कारखान्यामागे आडवी पडलेय, तोंडाला जाळी ठोकलेली. माझ्यासारख्या टाक्यांजवळ राबणाऱ्यांनो, काम तुंबलं तर तुंबू दे, जहाज थांबलं तर थांबू दे. आधी आत हवा जाऊ दे. माणूस मागाहून.