हॅल्वरने घेतलेली ऑटो

दुनळी बंदूक वापरतो तो शिकारी आणि ऑटो वापरतो तो आळशी, असं हॅल्वर टोलेफसन पन्नास वर्षं चारचौघांत सांगत आला होता. ऑटो म्हणजे एक बार उडाला की दुसरं काडतूस आपलं आपण चढवून घेणारी बंदूक. मेव्हण्याकडे तसली होती, शिवणयंत्रासारखी खटखटणारी, म्हणून मेव्हण्याचं नाव त्याने 'शिंपी' ठेवलं होतं. आणि ऑक्टोबर सरता सरता तोच हॅल्वर डार्ला कॉस्कीच्या दुकानात ऑटो घ्यायला उभा होता, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

उन्हाळ्यात त्याच्या उजव्या खांद्याचा सांधा बदलला होता. दुनळीचा धक्का पुन्हा खांद्यावर घ्यायचा नाही, डॉक्टरने बजावलं होतं. ऑटो बराचसा धक्का स्वतःच गिळते, ती वापरा, नाहीतर घरी बसा. तो बसलाही असता. पण पेग होती. तेरा वर्षांची, सेटर जातीची शिकारी कुत्री, ठार बहिरी, पोटात गाठ. ती नाताळ काही पाहणार नाही, असं जनावरांचा डॉक्टर म्हणाला होता. खांद्यापायी हंगामाचे सहा आठवडे वाया गेलेले. जाण्याआधी तिच्या तोंडात आणखी एक तित्तर पडावा, एवढंच हॅल्वरला हवं होतं.

"ही घ्या," डार्लाने एक बंदूक काउंटरवर ठेवली. "जरा जड आहे, पण खांद्याला कळणारसुद्धा नाही."

हॅल्वरने ती उचलली आणि लगेच खाली ठेवली. "हे लोढणं दिवसभर झाडीत वाहू? तुझ्या बापाने असली वस्तू दुकानात ठेवून घेतली नसती."

"बाबांनी अशा चाळीस विकल्या."

"शिंप्यांना."

डार्लाने दुसरी काढली. हलकी, सडपातळ. हॅल्वरने ती खांद्याला लावली, दोनदा फिरवली. आवडली होती, म्हणून जास्तच नाक मुरडलं. "दस्ता प्लास्टिकचा. वा. आमच्या हिच्या कचऱ्याच्या डब्याला शोभेल."

"हिला धक्का किंचित जास्त आहे, पण चालेल. फक्त एक लक्षात ठेवा. काडतूस घातलं की नळीमागचा हा ओढून धरलेला बोल्ट धाडकन सोडून द्यायचा. हाताने धरून हळू पुढे नेलात तर तो पुरता बसत नाही, आणि बार उडत नाही."

"धाडकन? कुत्री पक्ष्यावर टपून उभी, आणि मी तिथे जाऊन भांडी आपटू?"

"सगळ्यांनाच सांगते मी. एकदा इथे करून बघा."

"पोरी, तू दुपट्यात होतीस तेव्हापासून मी या झाडीत तित्तर मारतोय. मला शिकवू नकोस."

डार्लाने बिल केलं. हॅल्वर बंदूक घेऊन बाहेर पडला आणि घरी आरशासमोरसुद्धा ती एकदा चालवून बघायची त्याला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेगला घेऊन जुन्या लाकूडतोड्यांच्या वाटेने निघाला. बंदूक रिकामी, बोल्ट मागे. कुत्री पक्षी दाखवेपर्यंत काडतूस घालायचं नाही, ही त्याच्या बापाची शिस्त. भरल्या बंदुकीने झाडीत धडपडणाऱ्यांना तो गाढव म्हणायचा. पेगच्या गळ्यातली घंटा पुढे किणकिणत होती, थांबत होती, पुन्हा हळूहळू किणकिणत होती. म्हातारी दमत होती.

मग घंटा थांबली ती थांबलीच.

पडलेल्या देवदाराशी पेग उभी होती. एक पाय वर, शेपूट ताठ, मागचे पाय थरथरत होते, पण नाक हललं नाही. हॅल्वरने काडतूस सरकवलं आणि दुनळीची उघडी नळी हळूच मिटायची सवय होती तसा बोल्ट धरून अलगद, बिनआवाज पुढे नेला. मनात डार्लाला म्हणाला, बघ, असं करतात.

तित्तर फडफडाट करत उठला. मोकळ्या आभाळात, वीस पावलांवर, पोरानेही पाडावा असा. हॅल्वरने चाप ओढला.

टक्.

बोल्ट हिसडून पुन्हा नेम धरेपर्यंत समोर नुसती झाडं होती.

हॅल्वर तिथेच उभा राहिला. 'शिंप्यानेसुद्धा हा पाडला असता,' त्याच्या मनात आलं, आणि स्वतःची एवढी शिसारी त्याला जन्मात आली नव्हती.

पेगला यातलं काही ठाऊक नव्हतं. बार ऐकू येऊन तिला दोन वर्षं झाली होती. पक्षी उठला, धन्याने बंदूक उचलली, म्हणजे पक्षी पडला. तेरा वर्षं असंच होत आलं होतं. ती लंगडत पुढे गेली आणि पाला हुंगायला लागली.

"पेग, चल," तो म्हणाला. तिला कुठलं ऐकू यायला? त्याने हात हलवला. तिने पाहिलं आणि पुन्हा नाक पाल्यात घातलं. पडलेला पक्षी टाकून परतायचं नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. एकदा पिल्लू असताना ती अर्ध्यातून परतली, तेव्हा त्याने तिला मानगुटीला धरून माघारी नेलं होतं.

ती गोल गोल फिरत राहिली. दम लागून बसली, उठली, पुन्हा शोधायला लागली.

हॅल्वरने बंदूक ओंडक्यावर टाकली. खांदा धरून तो गुडघ्यांवर टेकला आणि दोन्ही हातांनी ओला पाला उपसू लागला. पेगने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. धनीही शोधतोय म्हटल्यावर तिची शेपूट हलली, आणि ती नव्या जोमाने त्याच्या शेजारी येऊन हुंगू लागली.