दहातले उरलेले चार

गावात त्याला सगळे 'वेधशाळा' म्हणत. आधी चेष्टेने, यंदा मात्र चक्क मानाने. हंगामाचा अंदाज समजून घ्यायला शेतकी केंद्राने गावातून त्यालाच बोलावलं, तेव्हापासून गड्याचे पाय जमिनीवर नव्हते.

केंद्रातल्या बाईंनी बजावलं होतं, "पाऊस कमी पडायची शक्यता दहात सहा. उरलेले चारही सांगा लोकांना, विसरू नका." पण 'कदाचित' म्हटलं की लोक दात काढतात, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून गिरणीसमोर जमलेल्यांना त्याने ठोकून दिलं, "यंदा पाऊस दगा देणार. लवकर येणारी ज्वारी पेरा, डोळे झाकून!"

स्वतः मात्र अर्ध्या रानात लवकरची पेरली, अर्ध्यात उशिराची. उरलेले चार त्याने बरोबर आपल्यापुरते ठेवले.

शेजारचं रान थोरल्या बहिणीचं. ती एकटीच कसायची. भावाच्या शब्दावर तिने बांधापासून बांधापर्यंत लवकरची पेरली. आणि पाऊस असा लागून राहिला, की ऐन कापणीच्या तोंडावर उभ्या कणसांत दाण्यांना मोड आले. भावाची उशिराची ज्वारी तेवढी अजून हिरवी होती, मजेत डुलत होती.

अंदाजच चुकला, असं सांगायचं ठरवून तो बहिणीच्या खळ्यावर गेला. ती कणसं निवडत बसली होती. मोडाची एकीकडे, बरी एकीकडे. बरी ओंजळभरच होती.

"ताई, अंदाज..."

"अरे, अंदाजच तो. तू काय मुद्दाम केलंस? गिरणीवर तुझ्या नावाने बोटं मोडत होते, चांगलं झापलं मी एकेकाला. म्हटलं, त्याचंही अर्धं गेलंच की!"

त्याला मान वर करवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझं अर्धं उशिराचं होतं, ताई."

"दिसलं मला. लवकरचं बियाणं कमी पडलं असेल तुला. मागायचंस ना, दिलं असतं माझ्यातलं."

लाजेने त्याचे कान तापले. होकार दिला की सुटलो, हेही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्याला आणखीच लाज वाटली.

"बियाणं भरपूर होतं," तो म्हणाला. "पाऊस चांगलाही होऊ शकतो, हे मला माहीत होतं."

ताईचे हात थांबले. "मग मला का नाही सांगितलंस?"

"लोक हसतील म्हणून."

तिने हातातलं कणीस खाली ठेवलं.

"मी हसले असते का रे तुला?"