चित्रं नसलेलं पक्ष्यांचं पुस्तक

मी एक पुस्तक बोलतोय, पक्ष्यांविषयीचं. रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात एका खुर्चीवर पडलोय. आज सकाळपासून जे पाहिलं, त्याने अजून हादरलेलोच आहे.

या सभागृहातल्याच मंडळाच्या वाचनालयात आलो तेव्हा माझ्यात चित्रं होती. वाचकांनी ती एकेक करून ब्लेडने कापून नेली. सुशिक्षित माणसं होती सगळी!

मग रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. बदलीने आलेल्या, समता कॉलनीत राहणाऱ्या कुटुंबातली नऊ वर्षांची निवेदिता मला घरी घेऊन गेली आणि चित्रं नाहीत म्हणून दुसऱ्याच दिवशी परत करायला आली. आमचे ग्रंथपाल श्यामराव तिला म्हणाले, "वाचून पाह्य ना बाई, दिसते आपोआप."

तिने वाचलं आणि चित्र काढलं. तिचा पहिला नीळकंठ थेट कोंबडीसारखा होता, मला हसू आवरेना. पण पोरगी चिवट. पुन्हा वाचायची, खोडायची, पुन्हा काढायची. वर्षभरात तिने मला अकरा वेळा नेलं. पुढे गोष्टी, प्रवासवर्णनं, जे वाचेल ते तिच्या कागदावर उतरू लागलं. आज ती मोठी चित्रकार आहे.

गेल्या महिन्यात तिने एका मुलाखतीत सांगितलं, "मला या वाचनालयाने घडवलं." मंडळाला आभाळ ठेंगणं झालं. अध्यक्ष दिवाकररावांनी सत्कार ठरवला, तिच्या चित्रांचं प्रदर्शनही. पण भिंतींना पुस्तकांची कपाटं लागलेली होती. म्हणून आज सकाळी कपाटं रिकामी करून हलवली, आम्हाला सुतळीने बांधलं आणि कार्यक्रमाच्या जरा आधी टेम्पो भनपुरीच्या रद्दीच्या गोदामाकडे निघाला. मी गठ्ठ्यातून निसटून पायरीवर पडलो. श्यामरावांनी उचललं. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, तरी हे घडलं, हे मला अजून पटत नाही.

निवेदिता आली. भिंतीवरच्या चित्रांकडे तिने पाहिलंच नाही.

"काका, पुस्तकं कुठी आहेत?"

"काढली ना, दीदी. सकाळपासून तुमच्या चित्रांसाठीच जागा करून राहिलो," दिवाकरराव अभिमानाने म्हणाले.

ती पांढरीफटक पडली. श्यामरावांनी मला तिच्या हातात दिलं. तिने मला छातीशी धरलं, मग सत्काराच्या खुर्चीवर ठेवलं आणि श्यामरावांना घेऊन टेम्पोच्या मागे गेली.

शाल-श्रीफळ तसंच आहे. लोक घड्याळं बघताहेत. भनपुरीच्या वाटेवर कुणाला तो टेम्पो दिसला, तर कृपा करून थांबवा. त्यातल्या कित्येक पुस्तकांना त्यांची निवेदिता अजून भेटायची आहे.