सुभेदारांनी नाकारलेलं इंजेक्शन

द्वारकेतल्या हॉस्पिटलात निवृत्त सुभेदार अण्णासाहेब डाव्या बाजूच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर आडवे झाले होते.

"झोपेचं औषध शिरेत गेलं की हात जळतो, म्हणून आधी थोडं बधिर करणारं इंजेक्शन देते," भुलीच्या डॉक्टर म्हणाल्या.

सुभेदार भडकलेच. "बिल्कुल नको! हे चोचले आमच्या हिला द्या!"

डॉक्टरांनी थेट झोपेचं पांढरं औषध सोडलं. मनगटात निखाराच पेटला. 'हर हर महादेव' ओठांवर येता येता भलतंच बाहेर पडलं, "कुमुद, मेलो गं!" आणि सुभेदार घोरू लागले.

दाराबाहेर बसलेल्या बायकोने, कुमुदने, नवऱ्याचा नकारही ऐकला आणि ती हाकही. अख्ख्या संसारात हा माणूस 'अगं ए'च्या पुढे कधी गेला नव्हता.

सुभेदार शुद्धीवर आले तेव्हा तिने त्यांचं पांघरूण सारखं केलं. "उजवीकडचा हर्निया पुढच्या महिन्यात ना? तेव्हाही ते बधिर करणारं इंजेक्शन बिल्कुल घेऊ नका."