सात नंबरच्या मित्राचा प्रश्न

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर वकीलबाईंचं ऑफिस होतं. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत लोकांनी बसायचं, मागच्या खोलीत बाईंनी. बाईंच्या खुर्चीमागे एक अरुंद गॅलरी होती, तिच्यात दोन कुंड्या आणि एक स्टूल. शनिवारी सकाळी दहा ते एक सल्ला फुकट असायचा, आणि फुकट म्हटल्यावर लोक काय काय विचारतात ते ऐकलं तर हसून हसून पोट दुखेल. शेजाऱ्याची शिडी अकरा वर्षं आमच्याकडे पडून आहे, ती आता आमची झाली का? बायकोने रागाच्या भरात माझा फोन कपडे धुवायच्या मशीनमध्ये टाकला, हे गुन्ह्यात बसतं का? वरच्या मजल्यावरची मुलगी रोज तोच एक सूर चुकीचा वाजवते, तिला कायद्याने बरोबर वाजवायला लावता येईल का? बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. शिडीवाल्याला त्यांनी, शिडी आजच्या आज परत करा आणि वर माफी मागा, असं खडसावून सांगितलं होतं. तो बिचारा तसाच उठून शिडी द्यायला गेला.

शनिवारचे त्यांचे नियम दोन. आत बोललेलं आतच राहणार, सख्ख्या भावाने विचारलं तरी बाहेर जाणार नाही. आणि कुणी ‘माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे’ म्हणालं, तर मित्र कोण, हे विचारायचं नाही. शंभरातल्या नव्वद मित्रांचे चप्पल-बूट बाहेरच्या चटईवरच असतात, हे बाईंना चांगलं माहीत होतं. पण एकदा नाव विचारलं की माणूस प्रश्न गिळून उठून जातो, हेही माहीत होतं. स्वभावाने बाई गरम होत्या. बसल्या जागी भडका उडायचा आणि दोन मिनिटांत विझायचा. पण ह्या नियमापुढे त्यांनी आपल्या रागालासुद्धा कधी तोंड उघडू दिलं नव्हतं.

त्या शनिवारी रांगेचा सहा नंबर लिहिलेला पुठ्ठा घेऊन एक बाई आत आल्या. साठी उलटलेली, पण पाठ ताठ, खांदे चांगले रुंद, केस आखूड कापलेले. खुर्चीत बसल्या त्याही अशा, की आता शिट्टी वाजेल आणि उडी मारतील.

“माझ्या एका मैत्रिणीचा प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या.

“विचारा की.”

“ती तलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. तिच्याकडे एक गृहस्थ शिकायला आले. वय एकाहत्तर. पहिले आठ दिवस नुसता कठडा धरून उभे! आता पाठीवर तरंगतात, आणि तरंगता तरंगता गप्पा मारतात.” बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की मैत्रीण कोण ते फळ्यावर लिहून दाखवायची गरज उरली नाही. “तर तिच्या मनात लग्नाचा विचार आहे. त्यांच्याही असावा, पण ते बोलत नाहीत. त्यांचं एक घर आहे. माझ्या मैत्रिणीला त्या घरातलं काही नको. वीटसुद्धा नको. तसं आधीच लिहून देता येतं का?”

“पण लिहून कशाला द्यायचं? लग्न व्हायच्या आधीच?”

“त्यांना एक मुलगी आहे. एकुलती एक.” सहा नंबरनी घसा साफ केला. “मुलगी तापट आहे म्हणे. तिला वाटायला नको, की बाई घरावर डोळा ठेवून आली.”

झालं, बाईंचा पारा चढला. “अहो, तापट असेल तर असू दे तिच्या घरी! ह्या मुलींचं मला काही कळतच नाही बघा. बाप एकाहत्तर वर्षांचा, स्वतःचं भलंबुरं त्याला कळतं, आणि ह्या मध्ये नाक खुपसायला तयार! सज्ञान माणसाला लग्नासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मुलीची तर नाहीच नाही. आणि घराचं काय करायचं ते ज्याचं घर तो ठरवेल, त्याचं मृत्युपत्र तो लिहील. तुमच्या मैत्रिणीने आधीपासून मान खाली घालून लिहून कशाला द्यायचं? आणायचं असेल तर त्या मुलीला माझ्यासमोर आणा, मी बोलते तिच्याशी!”

“बरं,” सहा नंबर म्हणाल्या. त्यांना खोकला आला की हसू, ते कळलं नाही. “तरी कागद केलेला बरा, असं तिला वाटतं.”

बाईंची कामाची एक पद्धत होती. कुणी स्वतःचा हक्क सोडायला निघालं, की त्याला तिथल्या तिथे कागद करून द्यायच्या नाहीत. आधी थोडा वेळ बसवून ठेवायच्या. “गॅलरीत वारा चांगला आहे. दहा मिनिटं बसा, पाणी प्या. त्यानंतरही असंच वाटलं तर लिहू.” सहा नंबर पाण्याचा पेला घेऊन गॅलरीत जाऊन बसल्या. बाईंनी दार ओढून घेतलं आणि हाक मारली, “सात नंबर!”

सात नंबर कुणी उठेना. खालून किल्लीवाल्याचा आवाज आला, “अहो, तुमचा नंबर लागला, पळा!” आणि जिना चढून, धापा टाकत, हातात पुठ्ठा धरून आत आले ते बाईंचे वडील.

“बाबा? तुम्ही इथे काय करताय?”

“सात नंबर आहे,” बाबांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. डोळे अजून बारीकसारीक बघायचे, कान मात्र दुकानाबरोबरच निवृत्त झाले होते. त्यामुळे हळू बोलतोय असं त्यांना वाटायचं तेव्हासुद्धा समोरच्या फुटपाथवरचा माणूस वळून बघायचा. “वकीलबाई, माझ्या एका मित्राचा प्रश्न आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा बाबा त्यांना ‘बाई’ म्हणत होते. घरी ‘अगं ए’ आणि ‘तू’ म्हणणारा माणूस! बाईंच्या तोंडावर आलं होतं, की बाबा, काय पोरखेळ लावलाय. पण नियम तो नियम. “विचारा,” त्या म्हणाल्या.

“मित्र एकाहत्तरचा आहे. बायको जाऊन आठ वर्षं झाली. तीन महिन्यांपूर्वी तो पोहायला शिकायला लागला.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. तीन महिने बाबा रोज सकाळी वाचनालयात जात होते. पेपर वाचायला. आणि येताना ओला टॉवेल घेऊन येत होते, आणि तो टॉवेल ह्याच हातांनी त्या रोज दोरीवर वाळत घालत होत्या! भल्याभल्यांना उलटतपासणीत घाम फोडणारी वकील, आणि वाचनालयातून माणूस ओला टॉवेल कसा आणतो, हे एकदा विचारायचं सुचलं नाही?

“तुम्ही पोहता, बाबा?”

“मित्र पोहतो,” बाबा शांतपणे म्हणाले. “त्याला शिकवणाऱ्या बाईंशी लग्न करावंसं वाटतं. तर कायद्याने त्याला मुलीची परवानगी लागते का?”

“नाही लागत,” बाई म्हणाल्या, आणि आपणच पाच मिनिटांपूर्वी काय काय बोललो ते त्यांना आठवलं. नाक खुपसणारी मुलगी. समोर आणा तिला! कानाच्या पाळ्यांपर्यंत त्या लाल झाल्या. “सज्ञान माणसाला... कुणाचीच नाही लागत.”

“हं.” बाबांनी मान हलवली. “म्हणजे कायद्याचं मिटलं. पण त्याला मुलीची परवानगी हवीच आहे, वकीलबाई. तिची आई गेली तेव्हा पोरीने घर सांभाळलं, ह्यालाही सांभाळलं. तिला सोडून पुढे निघाल्यासारखं वाटलं तर? तो रोज विचारायचं ठरवतो आणि रोज वाचनालयातली काहीतरी बातमी सांगून मोकळा होतो.”

“मग मुलीलाच विचारायचं ना! वकिलाकडे कशाला यायचं?”

“वकिलाला रडू येत नाही,” बाबा म्हणाले. “मुलीला येतं.”

बाईंना राग आला. खरोखरचा राग आला. आईच्या जागेचा वगैरे नाही, आईची जागा आईचीच होती, ती कुणी मागत नव्हतं. राग आला तो ह्याचा, की रोज समोरासमोर बसून जेवणारा आपला बाप आपल्याला एवढा घाबरतो. इतक्या का आपण भडकतो? त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून बाबांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

“इथे बसलेली वकील नाही,” त्या म्हणाल्या. “विचारा आता.”

बाबांनी टेबलावरचा पुठ्ठा पालथा घातला. “अगं... मी लग्न करू का?”

“करा! कराच! आणि पुन्हा माझ्यापासून काही लपवलंत तर बघा!” बाई एकदम हसल्या आणि रडल्याही. बाबांचा हात त्यांनी असा घट्ट दाबला, की म्हातारा कळवळला. “तीन महिने मला बुद्दू बनवलंत तुम्ही! बुडाला असतात तर कोण बघणार होतं?”

“त्या बघतात ना,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. “पण मी त्यांना अजून विचारलंच नाहीये. माझ्यात काय आहे, सांग? ऐकू येत नाही, तीन महिन्यांत नीट हात मारता येत नाहीत. त्या नाही म्हणाल्या तर?”

आता मात्र बाईंची अशी पंचाईत झाली म्हणता! उत्तर त्यांना माहीत होतं. पाच मिनिटांपूर्वी ह्याच खोलीत ऐकलेलं होतं. पण ते वकील म्हणून ऐकलेलं होतं, आणि वकील म्हणून ऐकलेलं मुलगी म्हणून सांगायचं, तर उद्यापासून लोकांनी पुठ्ठा घेऊन इथे यायचं कशाला? समोर बाप केविलवाणा बघतोय आणि जिभेच्या टोकावर आलेलं सांगता येत नाही. बाईंनी पेनाचं टोपण दातांत घट्ट धरलं.

“बोल ना काहीतरी! नाही म्हणाल्या तर काय करू?” बाबा ओरडले. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजले.

“नाही म्हणणार नाहीत!” गॅलरीतून आवाज आला.

बाईंनी कपाळावर हात मारला. गॅलरी! सहा नंबर! बाबा समोर येऊन बसल्यापासून त्यांच्या डोक्यातून सगळं पार निघून गेलं होतं. आतलं आतच राहील असं जन्मभर सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या बापाचा प्रश्न एका पातळ दाराआड बसलेल्या माणसाला पहिल्या शब्दापासून ऐकवला होता. दार उघडलं. सहा नंबर रिकामा पेला हातात घेऊन उभ्या होत्या. बाबा उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले.

“तुम्ही सगळं ऐकलंत?” बाबांनी विचारलं.

“मी काय, खालच्या किल्लीवाल्यानेही ऐकलं असेल.”

“माफ करा,” बाई म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी तुम्हाला तिथे बसवलं हेच विसरले. आणि मघाशी त्या मुलीबद्दल मी जे बोलले...”

“छान बोललात की. मला फार आवडलं.”

“म्हणजे मी कोण ते तुम्हाला माहीत होतं?”

“दारावर पाटी आहे, आडनाव वाचता येतं मला.” सहा नंबर आता थोड्या अवघडल्या. पेला त्यांनी जपून टेबलावर ठेवला. “कागद कुणाकडूनही करून घेता आला असता हो. पण तो तुम्हीच लिहावा असं वाटलं. म्हणजे तुम्हाला तरी खात्री पटली असती, की मला फक्त हेच हवेत.”

बाईंनी इतकी वर्षं वकिली केली, घरांवरून, भिंतींवरून, भांड्यांवरून भांडणारी माणसं बघितली. काही नको म्हणून स्वतःहून कागद मागायला आलेलं माणूस हे पहिलंच. त्यांनी कोरा कागद खणात टाकला आणि खण बंद केला. “तसला कागद ह्या ऑफिसात होत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसा. बाबा, सरका तिकडे, बसू द्या त्यांना. आणि आता तुम्हीच विचारा नीट, मी बाहेर जाते.”

“तू थांब ना,” बाबा म्हणाले.

“मुळीच नाही. आतलं आत!”

पुढच्या खोलीत येऊन बाईंनी दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. बाकावर आठ, नऊ आणि दहा नंबर बसले होते. आठ नंबरचे आजोबा शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दल विचारायला आले होते आणि केव्हाचे वैतागले होते.

“किती वेळ हो?” ते म्हणाले. मग त्यांनी बाईंचे भिजलेले डोळे बघितले आणि आवाज खाली आणला. “काय झालं बाई? काही वाईट बातमी आहे का?”

आतून बाबांचा आवाज आला, अडखळत, मोठ्याने, एकेक शब्द. आणि मग दोघांचं हसणं. बाईंनी हाताच्या पाठीने डोळे पुसले. सोडून दिल्यासारखं वगैरे त्यांना काही वाटत नव्हतं. उलट घरात कुणीतरी यायचंय आणि आपण दारात उभ्या आहोत, असं वाटत होतं. शनिवारचे नियम त्यांनी आजवर कधी मोडले नव्हते, पण ही बातमी त्यांची स्वतःची होती.

“माझ्या बाबांचं लग्न ठरलं!” त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की खाली किल्लीवाल्याने मशीन बंद केलं.